गुंता सुटतो तो खालून!

केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात. वर्षाचे झाले पंधरा. आता एखाद्या सातवीतल्या मुलीची वेणी सोडली आणि केस ७५ सेंटिमीटर भरले, तर तिच्या केसांचा शेंडा दुसरीतला आहे! तेव्हापासून तिने रोज दोनदा केस विंचरले असतील, तर त्या शेंड्याने आजवर साडेतीन हजारांहून जास्त वेळा कंगव्याचा मार खाल्लाय. वर रबर, रिबन, ऊन आणि न्हाणीघरातला खसाखसा चोळलेला टॉवेल आहेच. डोक्यावरच्या त्वचेतून बाहेर आलेला केस निर्जीव असतो. कातडीला खरचटलं तर भरून येतं, केसाला खरचटलं तर ते तसंच राहतं. म्हणून लांब केसांसाठी कंगवा निवडताना विचार करायचा तो या सगळ्यात म्हाताऱ्या टोकाचा.

एक केस घ्या, दोन बोटांत धरा

विंचरताना गळलेला एखादा लांब केस उचला. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत धरून मुळाकडून शेंड्याकडे ओढा. बोट सुळकन जाईल. आता उलट, शेंड्याकडून मुळाकडे. किंचित खरखर लागेल, बोट अडल्यासारखं होईल. केसाच्या बाहेरच्या थरावर अगदी पातळ खवले असतात आणि ते कौलांसारखे एकावर एक, शेंड्याच्या दिशेने उतरते बसवलेले असतात. खवले जागच्या जागी बसलेले असले की केस चमकतो आणि शेजारच्या केसावरून घसरतो. ते उचकटले की केस केसाला धरून ठेवतो आणि गुंता सुरू होतो. केसाची जाडी एका मिलिमीटरच्या दहाव्या भागापेक्षाही कमी, पण त्याच्या अंगाखांद्यावरची ही सगळी रचना बोटांना कळते!

गुंतवळाचा बाजार

या खवल्यांवर एक अख्खा धंदा उभा आहे. ‘केसांवर भांडी’ अशी हाळी देत येणारी बाई अनेकांना आठवत असेल. घरातल्या बायका गुंतवळ पिशवीत साठवून ठेवायच्या आणि त्या बदल्यात स्टीलची वाटी, पिना, फुगे मिळायचे. ते गुंतवळ पुढे जायचं कुठे? त्याचं एक मोठं ठिकाण म्हणजे कर्नाटकात कोप्पळजवळचं भाग्यनगर. तिथे आणि पश्चिम बंगालच्या मुर्शिदाबाद जिल्ह्यात बायका दिवसभर बसून ही भेंडोळी हाताने सोडवतात, लांबीप्रमाणे केस वेगळे करतात आणि मग त्यांचे टोप होऊन परदेशी जातात.

पण तिरुमलाला मुंडनात उतरवलेल्या केसांना गुंतवळापेक्षा कितीतरी जास्त भाव येतो. त्यांचा लिलाव होतो आणि त्यातून देवस्थानाला कोट्यवधी रुपये मिळतात. फरक आहे तो दिशेचा. मुंडनातले केस एका बाजूला मूळ, एका बाजूला शेंडा असे सरळ राहतात, सगळ्यांचे खवले एकाच दिशेला. गुंतवळात काही केस सुलटे, काही उलटे. त्यांचे खवले एकमेकांत अडकतात, धुतले की पुन्हा गोळा होतो. म्हणून अशा केसांवर बरेचदा आम्लाची प्रक्रिया करून खवलेच काढून टाकतात.

हार्वर्डने सिद्ध केलेलं आजीचं म्हणणं

मद्रास आयआयटीत शिकलेले, आता हार्वर्ड विद्यापीठात असलेले एल. महादेवन हे गणित आणि भौतिकशास्त्रातलं मोठं नाव. आपल्या लहान मुलीचे केस विंचरतानाचा अनुभव त्यांच्या डोक्यात होता. २०२२ मध्ये त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केस विंचरण्याचं गणितच मांडलं. अख्खं डोकं बाजूला ठेवून त्यांनी फक्त दोन धागे घेतले, एकमेकांभोवती पिळलेले, आणि त्यांतून एकच दात फिरवून पाहिला.

निष्कर्ष सोपा आणि पक्का होता. केसाचं एक टोक डोक्यात रुतलेलं, दुसरं मोकळं. अडकलेले वेढे बाहेर पडू शकतात ते फक्त मोकळ्या टोकातून. वरून खालपर्यंत एकच लांब हात मारला की सगळे वेढे पुढे ढकलले जातात, एका जागी दाटतात आणि गच्च गाठ बसते. त्याऐवजी शेंड्यापासून सुरुवात करायची, छोटे छोटे हात मारायचे, तेवढा भाग मोकळा झाला की चार बोटं वर सरकायचं. मुलीला पुढ्यात बसवून, केस मधेच मुठीत घट्ट धरून, आधी खालचा गुंता सोडवणाऱ्या आज्या नेमकं हेच करत आल्या आहेत. मुठीत धरायचं कारणही तेच: ओढ मुठीपाशी थांबते, मुळांना हिसका बसत नाही आणि मुलगी ओरडत नाही.

हे गणित यंत्रमानवालाही शिकवलं गेलं. एमआयटीतल्या संशोधकांनी एका यांत्रिक हाताला मऊ दातांचा ब्रश आणि कॅमेरा दिला. केसांत गुंता किती ते बघून किती लांब हात मारायचा हे तो यंत्रमानव ठरवतो आणि कुठे अडलं तर ब्रशच्या संवेदकांवरून ते ओळखतो. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या माणसांचे केस विंचरणं हे शुश्रूषेतलं किती वेळखाऊ काम आहे, हे ज्यांनी केलंय त्यांना या प्रयोगाचं मोल कळेल.

नखाची परीक्षा

आता दुकानात जाऊ. पुण्याच्या तुळशीबागेत किंवा कुठल्याही गावच्या बाजारात कंगव्यांचा ढीग असतो. रंग, आकार, मागे आरसा, मूठ, हे सगळं नंतर. आधी दोन दातांमधली फट बघा. लांब केसांचा गुंता सोडवायला जाड आणि विरळ दातांचाच कंगवा हवा. बारीक दातांचा कंगवा भांग पाडायला आणि केस चापून बसवायला ठीक, पण गुंत्यात घातला की वेढे दाटलेच म्हणून समजा.

मग एका दाताच्या कडेवरून नख फिरवा. स्वस्त प्लास्टिकचे कंगवे साच्यात ओततात. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथे दाताच्या अंगावर उभी रेघ उमटते. डोळ्याला ती सहसा दिसत नाही. नखाला मात्र बरोबर लागते. ही धार प्रत्येक वेळी केसाच्या खवल्यांना खरवडत जाते. चांगल्या कंगव्याचे दात पट्टीतून करवतून, घासून गुळगुळीत केलेले असतात, त्यांना ही रेघ नसते. साच्यातल्या कंगव्यांतही काही छान घासलेले मिळतात. किमतीवरून ते ओळखता येत नाही, नखाने येतं. दातांची टोकंही गोल हवीत. तळहातावर जरा दाबून फिरवली की टोचतात का ते कळतं.

लाकडी कंगवा घेत असाल तर आणखी एक गोष्ट बघा. लाकडाच्या रेषा दातांच्या दिशेने उभ्या असाव्यात. आडव्या रेषांचा दात चटकन तुटतो आणि तुटलेली कड केस धरते. लाकडाला पॉलिश नसलं किंवा कुठे कुसळ निघालेलं दिसलं तर तो कंगवा नको. कडुनिंबाचा कंगवा सध्या फार चालतो. त्याने कोंडा जातो वगैरे जाहिरातींवर विसंबून घेऊ नका. चांगला घासलेला असेल तर लाकूड म्हणून तो उत्तमच.

केस उभे का राहतात?

विदर्भातल्या कोरड्या थंडीत प्लास्टिकचा कंगवा फिरवला की केस चटचट आवाज करत उभे राहतात. घासताना केसांतले इलेक्ट्रॉन कंगव्यावर जातात. मागे उरतात सारख्याच भाराचे केस, आणि ते एकमेकांना दूर ढकलतात. कंगव्याने कागदाचे कपटे उचलायचा शाळेतला प्रयोग तो हाच. लाकूड आणि शिंग यांच्यावर असा भार फारसा साठत नाही. कोकणातल्या पावसाळ्यात हवेत इतकी ओल असते की तिथे प्लास्टिकवाल्यांनाही हा त्रास नाही.

शिंगाची फणी आता दुर्मीळ वाटते, पण उत्तर प्रदेशातल्या संभळ भागात म्हशीच्या शिंगांपासून कंगवे आणि इतर वस्तू अजून घडवल्या जातात. शिंग आणि केस दोन्ही केरॅटिनचेच! दोघांचं पटतं त्यात नवल नाही.

ब्रशची तीन माणसं

ब्रशच्या दातांखाली उशीसारखं फुगीर रबर असतं ना, ते आलं १८८५ मध्ये. इंग्लंडमधल्या मेसन पिअर्सन या इंजिनिअरने ते बसवलं. ब्रश दाबला की केसाळ भाग आत जातो आणि टाळूवर जोर कमी पडतो. त्याच्या नावाचे ब्रश आजही विकले जातात.

दुसरी लायडा न्यूमन, न्यूयॉर्कमधली कृष्णवर्णीय महिला. तिने १८९८ मध्ये ब्रशचं पेटंट घेतलं. तिच्या ब्रशची मागची बाजू उघडून आतला मळ झटकता यायचा. सव्वाशे वर्षांपूर्वी तिला जे सुचलं ते आजच्या कितीतरी महागड्या ब्रशमध्ये नाही, आणि त्यांतला गोळा काढताना आपण पिना घेऊन बसतो. पुढे ती स्त्रियांच्या मताधिकाराच्या चळवळीतही उतरली.

तिसरा शॉन पल्फ्री, केस रंगवण्याचं काम करणारा ब्रिटिश कारागीर. आखूड आणि लांब असे दोन उंचीचे लवचीक दात असलेला, बिनमुठीचा ब्रश घेऊन तो २००७ मध्ये ‘ड्रॅगन्स डेन’ या टीव्ही कार्यक्रमात गेला. एकाही गुंतवणूकदाराने पैसे दिले नाहीत. त्याचा ‘टँगल टीझर’ पुढे जगभर खपला आणि २०२१ मध्ये त्याने कंपनीतला मोठा हिस्सा विकला. या ब्रशमधली कल्पना खरंच कामाची आहे: गाठीपाशी दात वाकतो, केस तुटत नाही.

ब्रश घेताना दोन गोष्टी. पिनांच्या टोकांवर छोटे मणी असतात. ते निघाले की उघडी पिन टाळू ओरखडते आणि केस अडकवते. दोन-चार मणी गळले की ब्रश टाकून द्यावा, भावनेत अडकू नये. आणि डब्यावर ‘बोअर ब्रिसल’ लिहिलं असेल तर ते डुकराचे राठ केस आहेत. अनेक घरांत हे माहीत असलेलं बरं. असा दाट ब्रश टाळूजवळचं तेल शेंड्यापर्यंत पसरवायला चांगला, पण गुंता सुटल्यावर. आधी नाही.

ओले केस

पाण्याने केस फुगतो, त्यातले काही रासायनिक बंध तात्पुरते सुटतात आणि तो कोरड्या केसापेक्षा जास्त ताणला जातो. ताण हद्दीबाहेर गेला की तुटतो. म्हणून सरळ केसांच्या बायकांनी न्हाल्याबरोबर कंगवा घेऊ नये, केस अर्धवट वाळू द्यावेत. कुरळ्यांचं मात्र उलट आहे! दाट कुरळे केस कोरडे असताना विंचरले तर जास्त तुटतात. ते ओले, कंडिशनर लावलेले असतानाच जाड दातांच्या कंगव्याने किंवा बोटांनी सोडवायचे. एकाच घरात सरळ केसांची आई आणि कुरळ्या केसांची मुलगी असेल, तर आईचा नियम मुलीला लावू नका. कुरळ्या केसांच्या कितीतरी मुलींचं बालपण यात रडण्यात गेलंय.

केस पुसायला जाडजूड टॉवेलपेक्षा जुना, धुऊन मऊ झालेला सुती पंचा सरस. चोळायचं नाही, नुसतं गुंडाळून ठेवायचं.

आणि रोज शंभर वेळा ब्रश फिरवला की केस दाट होतात, ही गोष्ट सोडून द्या. त्वचारोगतज्ज्ञ स्पष्ट सांगतात की जास्त घासण्याने केस जास्त तुटतात. गुंता सुटला, भांग पडला, झालं काम.

खोबरेल तेलाची साक्ष

तेल लावून विंचरलं की केस कमी तुटतात, हे घरोघरी माहीत आहे. २००३ मध्ये मुंबईच्या मॅरिको कंपनीतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेल यांची तुलना करून निष्कर्ष छापले. केसातलं प्रथिन धुऊन जाण्याचं प्रमाण कमी करण्यात खोबरेल तेल एकटं ठळकपणे पुढे होतं. त्यातल्या लॉरिक आम्लाचा रेणू लहान आणि सरळ असल्याने तो केसाच्या आत शिरतो, बाकीची तेलं बाहेरच राहतात. कंपनी खोबरेल तेल विकणारी आहे हे लक्षात ठेवूनही अभ्यास महत्त्वाचा आहे आणि त्याचा आधार पुढे बऱ्याच जणांनी घेतला. न्हायच्या आधी शेंड्यांना तेल लावा, टाळूवर थापण्यापेक्षा तिथे त्याची गरज जास्त.

उवांची प्रार्थना

इस्राएलमध्ये लाखीश या प्राचीन नगराच्या उत्खननात २०१६ मध्ये हस्तिदंताची एक चिमुकली फणी मिळाली. जेमतेम साडेतीन बाय अडीच सेंटिमीटर. एका बाजूला सहा जाड दात गुंता सोडवायला, दुसऱ्या बाजूला चौदा बारीक दात उवा-लिखा काढायला. पुढे कित्येक वर्षांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की तिच्यावर अगदी बारीक अक्षरं कोरलेली आहेत. २०२२ मध्ये वाचन जाहीर झालं. या सुळ्याने केसांतल्या आणि दाढीतल्या उवा जावोत, अशा अर्थाचं ते मागणं आहे. फणी सुमारे ३,७०० वर्षांपूर्वीची आणि ते कनानी वर्णमालेतलं आजवर सापडलेलं सर्वांत जुनं पूर्ण वाक्य! एका दातात उवेचे अवशेषही मिळाले.

आपल्याकडची दुतोंडी फणी हुबेहूब त्याच घाटाची. हडप्पा संस्कृतीच्या ठिकाणीही हस्तिदंती कंगवे सापडले आहेत. जुन्या मराठी घरांत आरसा, कुंकू, मेण आणि फण्या ठेवायची फणेरपेटी असायची. कुणाच्या माळ्यावर ती असेल तर खाली काढा, पुसा, वापरात ठेवा. फक्त तिच्यातली बारीक फणी गुंत्यासाठी वापरू नका, तिचं काम उवांचं.

शिखांच्या पाच ककारांत, म्हणजे ‘क’ने सुरू होणाऱ्या धर्मचिन्हांत, लाकडी कंगवा आहे. १६९९ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी खालसाची स्थापना केली तेव्हापासून केस न कापणं आणि ते नीट विंचरलेले ठेवणं, दोन्ही बरोबरीने आलं. नांदेडला गेलात तर हे छोटे कंगवे जरूर बघा, लांब केसांचा इतका जुना अनुभव असलेल्या लोकांनी निवडलंय ते लाकूडच.

बॉबकटने जन्माला घातला गॉगल

अमेरिकेतलं लिओमिन्स्टर हे गाव कंगव्यांचं. आधी शिंगाचे, मग सेल्युलॉइडचे. सॅम फॉस्टरने तिथे १९१९ मध्ये केसांच्या कंगव्या-पिनांचा कारखाना काढला. तेवढ्यात बायकांनी केस आखूड कापायला सुरुवात केली आणि मोठ्या शोभेच्या कंगव्यांचा खप घसरला. फॉस्टरने १९२९ मध्ये अटलांटिक सिटीच्या किनाऱ्यावर स्वस्त गॉगल विकायला काढले. त्याचीच कंपनी म्हणजे ‘फॉस्टर ग्रँट’.

सगळ्यात लांब केस, आणि कंगवा?

प्रयागराजच्या स्मिता श्रीवास्तव यांच्या केसांची लांबी गिनीजने २०२३ मध्ये २३६.२२ सेंटिमीटर नोंदवली. हयात व्यक्तीचे जगात सर्वांत लांब केस म्हणून त्यांचं नाव लागलं. पुढच्याच वर्षी युक्रेनच्या आलिया नासिरोवा यांनी २५७.३३ सेंटिमीटरसह हा मान मिळवला. स्मिता केस आठवड्यातून दोनदा धुतात आणि गुंता सोडवतात तो हाताच्या बोटांनी. त्यालाच दोन तासांपर्यंत वेळ जातो! ज्यांच्याकडे एवढे केस आहेत त्यांचा पहिला कंगवा बोटंच आहेत, हे लक्षात घेण्यासारखं आहे. गाठ बोटाला कळते, प्लास्टिकला कळत नाही.

गुंता वेळेवर सुटला नाही तर

केस विंचरणं थांबलं, मळ आणि तेल साचलं, की गुंत्याची जट होते. महाराष्ट्रात आणि कर्नाटकाच्या सीमेवर आजही तिला देवीचा कौल मानून हात लावायला घाबरतात. मानेवर ओझं, उवा, खाज, झोप नाही, आणि मुलींच्या वाट्याला त्याहून भयंकर गोष्टी. महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या पुण्यातल्या कार्यकर्त्या नंदिनी जाधव यांनी घरोघरी जाऊन, समजावून, दोनशेहून अधिक स्त्रियांच्या जटा कापल्या आहेत. त्या स्वतः ब्यूटी पार्लर चालवायच्या, म्हणजे केसांचं काम त्यांच्या हातातलं होतं. ओळखीत कुणाच्या डोक्यात जट धरायला लागली असेल तर ती लहान असतानाच तेल लावून, बोटांनी, शेंड्याकडून सोडवून द्या. त्यात देव नाही, गाठ आहे.

तिन्हीसांजेला केस विंचरू नयेत म्हणतात. केसांना वेळेचं काही नाही. उलट झोपण्यापूर्वी गुंता काढून सैल वेणी घातली तर सकाळी काम अर्धं होतं.

घरातले कंगवे आज एकदा गोळा करा. आठवड्यातून एकदा प्लास्टिकचे साबणाच्या कोमट पाण्यात घालून जुन्या टूथब्रशने धुवा. लाकडी पाण्यात बुडवू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि मधूनमधून तेलाचा हात फिरवा. मग प्रत्येक कंगव्याच्या दातांवरून नख फिरवून बघा. ज्यावर नख अडलं, तो कंगवा लांब केसांच्या कामाचा नाही.